मीटर चालू होता, कुणी बोलत नव्हतं

बारा ऑगस्ट १९९४, शुक्रवार, सकाळ. रक्कम पाचशे डॉलर, ट्रॅव्हलर्स चेकमध्ये. हजर: तू, मी, कुसुम आणि नंदिनी.

अक्का, यातला ‘हजर’ हा शब्द तुझ्या सांगण्यावरून आहे. त्या सकाळी आपल्या चामराजपेटच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, मी ते चेक नंदिनीला मोजून दिले, तिच्याकडून पुन्हा मोजून घेतले, आणि कोपऱ्यात फोनपाशी बसलेली तू म्हणालीस, "पुट्टा, पुढे कधी हा हिशेब लिहिशील तेव्हा हजर कोण होतं त्यात माझं नाव घाल हं. नाहीतर मी हिशेबात धरण्यासारखी नाही म्हणून सोडून देशील." नंदिनी खुदकन हसली. मी पन्नास वर्षांचा माणूस, दुसऱ्या दिवशी मुलीला अमेरिकेला पाठवणारा बाप, आणि तू तिच्यासमोर मला पुट्टा म्हणालीस म्हणून मी जरा घुश्शातच होतो. कन्नडमध्ये तान्ह्या बाळाला म्हणतात तो शब्द. आता तो मला म्हणणारं कुणी उरलेलं नाही.

तुला जाऊन दोन आठवडे झाले. पेपरात द्यायची चार ओळींची बातमी मी दिली. ती वाचून कुणालाही वाटेल की टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या एक अविवाहित बाई वारल्या. बातमीत चूक काही नाही. पण मला जे सांगायचंय ते त्यात मावत नव्हतं, म्हणून हे तुलाच लिहितो आहे.

नंदिनीनं जाऊ नये असं माझं मत होतं, आणि ते मी लपवलं नव्हतं. एकुलती एक मुलगी. इथे बंगळुरात शिकायला काय कमी आहे, असं मी म्हणायचो. तिला तिथल्या विद्यापीठानं फी माफ केली होती, शिवाय शिकता शिकता काम करून खर्च भागेल अशी सोय दिली होती, त्यामुळे पैशाचं कारण मला पुढे करता येत नव्हतं. मग मी थंडीचं केलं, खाण्यापिण्याचं केलं, अंतराचं केलं. तू भाजी चिरता चिरता ऐकून घ्यायचीस. एकदा विळी बाजूला ठेवून म्हणालीस, "पुट्टा, मी तेहतीस वर्षं काय केलं? दोन टोकांची माणसं जोडून दिली आणि बाजूला झाले. ऑपरेटर मध्ये बसून राहिली तर बोलणार कोण?"

"मी ऑपरेटर नाही," मी म्हणालो. "मी बाप आहे."

"सरी," तू म्हणालीस, बरं अशा अर्थी. "मग बापानं काय करायचं ते तू ठरव. मी तोवर तिला फोनवर बोलायला शिकवते."

आम्हाला वाटलं तू थट्टा करते आहेस. फोनवर बोलायला काय शिकायचं? पण तू गंभीर होतीस. तू आम्हाला समजावलंस की अमेरिकेला लागलेला फोन आकाशातल्या उपग्रहावरून जातो. आपलं बोलणं वर जातं, खाली उतरतं, मग त्यांचं उत्तर पुन्हा वर आणि खाली. त्यात एक क्षण मोकळा जातो. नवखी माणसं त्या क्षणाला घाबरतात, ऐकू गेलं नाही असं समजून पुन्हा बोलतात, आणि तेवढ्यात पलीकडचं उत्तर येऊन धडकतं. "आयुष्यभर ऐकत आले," तू म्हणालीस. "माणसं वर्षानं एकदा फोन लावतात आणि अर्धा वेळ ‘हॅलो, ऐकू येतंय का’ यात घालवतात. आपल्या घरात ते नको."

मग महिनाभर रोज संध्याकाळी आपल्याकडे तालीम चालली. नंदिनी मागच्या पडवीच्या एका टोकाला, आम्ही दुसऱ्या टोकाला, एकमेकांकडे पाठ करून. एक वाक्य बोलायचं आणि गप्प बसायचं. किती गप्प, तर तुझी युक्ती होती: बोलून झालं की जीभ टाळूला लावायची. जीभ टाळूला लागलेली असली की माणसाला मध्ये बोलता येत नाही. उत्तर कानावर आलं, पूर्ण झालं, की मगच जीभ सोडायची.

कुसुमला ते जमेना. "नंदू, जेवलीस का, काय जेवलीस, भात मिळतो का तिकडे, आणि केसांना तेल लावतेस ना?" हे सगळं तिनं एका दमात विचारलं.

"कुसुम," तू म्हणालीस, "तू सगळी माणसं एकाच रिक्षात कोंबलीस. एक बसव. ती उतरू दे. मग दुसरं."

"मग मला वाटतं तेव्हा बोलायचं नाही का आता, वन्सं?"

"वाटेल तेवढं बोल. पण थांबून."

पलीकडच्या गौरम्मा कुंपणावरून बघायच्या. चार जण एकमेकांकडे पाठ करून बसलेत, एक जण ओरडून काही विचारतो, मग सगळे गप्प. एकदा त्यांना राहवलं नाही. "एन्री इदु, नाटकाना?" नाटक बसवताय का म्हणून. तू कन्नडमध्येच उत्तर दिलंस की हो, मुख्य नटी तेरा तारखेला विमानानं जाणार आहे, तोवर पाठांतर चाललंय.

मी मात्र नीट शिकलो, हे तू कबूल करायचीस. मला ते आकड्यांतून पटलं. उपग्रह किती वर असतो ते तू सांगितलंस, प्रकाशाचा वेग मला शाळेपासून पाठ होता. वर्तमानपत्राच्या कडेला मी भागाकार केला तर एका बाजूनं जायला सेकंदाचा जेमतेम पाव भाग निघाला. मी तो आकडा बघत बसलो. तेवढा वेळ आपल्या मुलीचा आवाज पृथ्वीवर कुठेच नसणार. मी तुला तसं म्हणालो, तेव्हा तू माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेनं बघितलंस. म्हणालीस, "तेहतीस वर्षांत मला हे कधी सुचलं नाही."

तेरा तारखेला तू विमानतळावर आली नाहीस. "कुणीतरी फोनपाशी हवं," म्हणालीस. ती पोचायला दोन दिवस लागणार होते, मग त्या क्षणी फोनपाशी कशाला, असं कुसुमनं विचारलंही. तू नंदिनीच्या तळहातावर दही घातलंस, तिनं ते चाटलं, तुझ्या पाया पडली, आणि तू तिच्या डोक्यावरचा हात न काढता म्हणालीस, "जीभ?" नंदिनी म्हणाली, "टाळूला." एवढाच तुमचा निरोप.

त्यानंतर दर रविवारी सकाळी तिचा फोन येऊ लागला. पहिल्या फोनला माझी पाळी आली तेव्हा मी "नंदू" म्हणालो आणि माझाच आवाज, जरा बारीक होऊन, माझ्या कानात परत आला: "नंदू." एवढी तालीम करूनही माझ्या अंगावर काटा आला. माझी हाक जगाला वळसा घालून आली होती. मी जीभ टाळूला लावली. त्या मोकळ्या जागेत काहीच नव्हतं, नुसती हलकी सरसर. आणि मग त्या सरसरीतून, शेजारच्या खोलीतून यावं इतक्या स्पष्टपणे, "अण्णा." माझ्या हातून आजवर पुष्कळ हिशेब झाले, अक्का, पण जाण्यायेण्याचा अर्धा सेकंद एवढा मोठा मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही.

तू स्वतः मात्र कधी बोलली नाहीस. रिसीव्हर तूच उचलायचीस, "थांब, देते," म्हणायचीस आणि कुसुमच्या हातात द्यायचीस. मग माझ्या. ठेवायची वेळ झाली की तूच खूण करायचीस. "वन्सं, तुम्हीपण बोला ना," असं कुसुम म्हणाली की तू मान हलवायचीस. मला आधी वाटलं की पैसे वाचवतेस. मग वाटलं, सवय. हजारो लोकांना जोडून दिलंस, तुझ्यासाठी कुणाचा फोन आल्याचं मला आठवत नाही. हे तुला मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का, तेही कळत नाही.

मग संक्रांत आली. पंचाण्णव सालची. शनिवार होता, सकाळचे आठ वाजले होते, कुसुम गौरम्मांकडे एळ्ळु-बेल्ल द्यायला गेली होती. आपल्याकडे तिळगुळाबरोबर इथल्या रिवाजाप्रमाणे तीळ, गूळ, खोबरं, दाणे असं मिसळून वाटतात ते. फोन वाजला. वार चुकीचा होता. तू उचललास, ऐकलंस आणि न बोलता माझ्याकडे दिलास.

नंदिनी रडत होती. तिकडे शुक्रवारची रात्र सुरू झाली होती. तिच्या खोलीत राहणारी मुलगी सोडून गेली होती, बाहेर गुडघाभर बर्फ होता, महिनाभर केलेलं काम प्राध्यापकांनी पुन्हा करायला सांगितलं होतं, आणि त्या आठवड्यात ती दुकानदाराशिवाय कुणाशी बोलली नव्हती. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त "अण्णा, मला यायचंय" एवढं कळलं. मी लगेच म्हणालो, "ये. आजच तिकिटाचं बघतो." ती त्याच वेळी काहीतरी म्हणत होती. मी थांबलो नाही, तीही थांबली नाही. तिचं रडणं, माझं "ये, ये", आणि त्या दोन्हींचे परत येणारे आवाज, सगळं एकमेकांवर आपटत राहिलं. मी ओरडत होतो, तिला ऐकू जात नव्हतं.

तू माझ्या हातून रिसीव्हर काढून घेतलास. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

"नंदू, आत्या. जीभ टाळूला." मग थांबलीस. मग म्हणालीस, "आता बोल."

ती बोलू लागली. तू मधून मधून फक्त "ऐकू येतंय, पुढे," म्हणत होतीस. आणि तेवढ्यात तिच्या फोनकार्डावरचे पैसे संपले आणि लाइन गेली. तू रिसीव्हर जागेवर ठेवलास, चपला घातल्यास, आणि म्हणालीस, "घरात आहेत तेवढे पैसे घेऊन ये." आपल्या फोनवर परदेशी कॉलची सोय मी मुद्दाम घेतली नव्हती, बिल हाताबाहेर जाईल ही माझीच भीती. तू कोपऱ्यावरच्या रंगप्पाच्या बूथकडे चालूही लागली होतीस. तुला गुडघ्यांचा त्रास होता. मी कपाटातली पुरचुंडी, कुसुमचा डबा, सगळं गोळा करून धावत आलो तरी तू माझ्या आधी पोचलीस.

काचेच्या केबिनमध्ये एकालाच जागा होती. तू आत, मी बाहेर. तुझ्या डोक्यावर लाल आकड्यांचा मीटर. लाइन लागली. तू काही बोललीस, थोडंच. मग ऐकत राहिलीस. मग पुन्हा काही बोललीस. मग तू रिसीव्हर कानाला लावून नुसती उभी राहिलीस.

मी आकडे बघत होतो. ते पळत होते. तुझे ओठ हलत नव्हते, आणि तू ‘पुढे’ही म्हणत नव्हतीस. मला वाटलं लाइन तुटली, आणि तुझ्या लक्षात आलं नाही. मी काचेवर टकटक केली. "अक्का, कुणी बोलत नाहीये! मीटर चालू आहे!"

तू मागे वळली नाहीस. नुसता डावा पंजा वर केलास. थांब.

मी थांबलो. रंगप्पा गल्ल्यावरून उठून माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. आम्ही दोघं एका म्हाताऱ्या बाईची पाठ बघत होतो. ती काहीच करत नव्हती. भरधाव पळणाऱ्या आकड्यांखाली ती इतकी निश्चल उभी होती, जणू तिला कुठे जायचंच नाही, जगात दुसरं कुठलं कामच नाही. मी देवळांत पुष्कळ वेळा हात जोडून उभा राहिलो आहे. तसं मला तिथे कधी वाटलं नव्हतं. असं लिहू नये बहुधा, पण खरं आहे.

बाहेर आलीस तेव्हा मी विचारलं, "काय चाललं होतं?"

"चहा करायला पाठवलं होतं तिला."

"आणि तू?"

"मी लाइनवर थांबले."

"तिच्या चहाला? परदेशी लाइनवर?"

"एकटीनं करून एकटीनं पिते म्हणाली. म्हटलं, कर, मी आहे. आलं किसल्याचा आवाज येत होता." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणालीस, "तुझ्या डोळ्यांपुढून मीटर जात नाहीये ना, पुट्टा?"

घरी येताना तू मला ती गोष्ट सांगितलीस, आधी कधी न सांगितलेली. तू नोकरीत नवी असताना एका बाईचा ट्रंक कॉल तू जोडून दिलास. ऐकायचं नाही हा नियम, म्हणून तू बाजूला झालीस. तीन मिनिटांनी, वेळ वाढवायचा का हे विचारायला लाइनवर आलीस, तर दोन्हीकडे शांतता. माणसं होती, श्वास ऐकू येत होते. काय बातमी होती ते तुला कधी कळलं नाही. नियमाप्रमाणे लाइन तोडण्यासाठी बोर्डातला दोर उपटायला हवा होता. तू उपटला नाहीस. सुपरवायझरनं विचारलं, "कुणी बोलत नाही तर लाइन का अडवलीस?" तू म्हणालीस, "बोलत नाहीत, पण ठेवलाही नाही." तुला लेखी ताकीद मिळाली. तू अभिमानानं नाही सांगितलंस, गुडघे दुखतात म्हणून जरा दम घेत घेत सांगितलंस.

पण आपलं भांडण त्या दिवशीच सुरू झालं, आणि ते संपलं नाही. मी विचारलं, "तू तिला ये का नाही म्हणालीस?"

"म्हणाले की. दार उघडंच आहे म्हणाले. रडत येऊ नकोस, ठरवून ये म्हणाले."

"म्हणजे येऊ नकोसच झालं."

"तसं झालं असतं तर ती मला उलट बोलली असती. माझीच भाची आहे."

नंदिनी आली नाही. ते काम तिनं पुन्हा केलं. शिक्षण पूर्ण केलं, पुढचं सुरू केलं. मधे एकदा तीन आठवडे येऊन गेली, तेव्हा तुम्ही दोघी पडवीत बसून तासन्‌तास बोलायचात, आणि मला हेवा वाटायचा. मी दर दिवाळीला तो विषय काढायचो. बापाला ‘ये’ म्हणायचा हक्क आहे, आणि तू त्या दिवशी माझ्या हातून तो फोन काढून घेतलास. तू म्हणायचीस, "तुझं ‘ये’ तिला ऐकूच जात नव्हतं रे, मी काय काढून घेतलं?" मला हे आजही पूर्ण पटलेलं नाही. तू गेलीस म्हणून मी पटलं असं लिहिणार नाही. तुला ते आवडणारही नाही. पण हेही लिहून ठेवतो की माझी मुलगी आज स्वतःच्या पायावर उभी आहे, आणि तिला तिथे उभं करणारी शांतता मी काचेबाहेरून पाहिली आहे.

फेब्रुवारीत तुझी उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. रविवारी फोन येणार हे तुला कळत होतं, तू सकाळपासून दाराकडे बघत होतीस. तुझ्या जुन्या ऑफिसातला लाइनमन आदल्या दिवशी येऊन फोनची वायर तुझ्या खाटेपर्यंत वाढवून गेला होता. मजुरी घे म्हटलं तर कानाला हात लावले त्यानं. फोन वाजला. मी उचलला, आणि तुझी जागा घेतल्यासारखं वाटून ओशाळलो. "थांब, देते," असं तुझ्यासारखंच तोंडात येत होतं. मी म्हणालो, "थांब, अक्काला देतो," आणि रिसीव्हर तुझ्या डाव्या कानाला लावून धरला.

मला तिचं ऐकू येत होतं. "आत्या, मी आहे." मग ती थांबली. उत्तर येणार नाही हे तिला मी आधीच सांगितलं होतं. तरी ती थांबली, तुला लागेल तेवढी जागा देऊन. मग म्हणाली, "आत्या, चहा ठेवलाय. मी लाइनवर आहे." आणि आलं किसल्याचा आवाज आला.

मी तुझ्याकडे बघत होतो. तुझा जबडा जरासा हलला. ओठ मिटलेले होते, हनुवटीखालचा भाग वर ओढला गेला. मला आधी वाटलं गिळायला त्रास होतोय. मग कळलं. तू जीभ टाळूला लावली होतीस.

बुधवारी तू गेलीस.

तेरावा झाल्यावर, काय काय झालं ते सांगायला मी काल संध्याकाळी रंगप्पाच्या बूथवर गेलो. घरून सोय नाही, ती अजून घेतलेली नाही. नंदिनीला सांगायचं ते सांगितलं: कोण आलं, गौरम्मा किती रडल्या, तू तिच्यासाठी विणत होतीस ती हातमोज्यांची जोडी अर्धीच राहिली आहे. तिनं विचारायचं ते विचारलं. मग दोघांकडचंही संपलं. मी "ठेवतो" म्हणणार होतो. म्हटलं नाही. तिनेही म्हटलं नाही. पलीकडून ती हलकी सरसर येत होती, आणि आम्ही दोघं तिच्यात उभे होतो. डोक्यावर लाल आकडे पळत होते. मी ते बघितले, आणि मग बघायचे सोडले.

काचेवर टकटक झाली. "सार," रंगप्पा बाहेरून म्हणत होता, "मीटर ओडता इदे." मीटर पळतोय.

मी मागे वळलो नाही. पंजा वर केला.

एक एप्रिल १९९८, बुधवार, संध्याकाळ. हजर: मी, नंदिनी आणि तू. दिले: चारशे बारा रुपये, रंगप्पाला.